बाबांचा लॅपटॉप घरच्या वायफायला लागत नाही, फोन मात्र लागतात (नाशिकरोड)

जेलरोडची_लेक · शुक्रवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आई-बाबा नाशिकरोडला, जेलरोडवर. बाबा ७४ वर्षांचे, इथल्या सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) निवृत्त. गेल्या महिन्यात घरचं जुनं इंटरनेट काढून नवं फायबरचं कनेक्शन घेतलं आणि तेव्हापासून बाबांचा लॅपटॉप वायफायला धड लागत नाही. आईचा फोन लागतो, बाबांचा लागतो, टीव्ही लागतो. लॅपटॉप तेवढा अडून बसतो.

फोनवरून सांगून आतापर्यंत एवढं करून घेतलंय. लॅपटॉप बंद-चालू केला. एअरप्लेन मोड बघितला, बंदच आहे. मग वायफाय 'फरगेट' करून नव्याने जोडायला गेलो आणि तिथेच पंचाईत झाली, कारण आता यादीत घरचं नावच येत नाही. शेजाऱ्यांची पाच-सहा नावं येतात, आपलं नाही. बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट दिला की लॅपटॉप लगेच लागतो. कनेक्शनवाल्यांचा माणूस येऊन गेला. त्याने स्वतःच्या फोनवर स्पीड दाखवला, "तुमच्या लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे" म्हणाला आणि गेला.

बाबांचं म्हणणं वेगळंच आहे. ते म्हणतात, "लाइट जाऊन आली की कधी कधी लागतो." त्याचं काय करायचं मला कळत नाही.

विंडोज १० आहे, लॅपटॉप आठेक वर्षं जुना. 'नवा घ्या' हा सल्ला घरात सगळ्यांनी देऊन झालाय. बाबांना याच कीबोर्डची सवय आहे, अक्षरं मोठी करून ठेवली आहेत आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनच्या पडद्यावर त्यांना नातीचा चेहरा नीट दिसत नाही. म्हणून हाच लॅपटॉप चालायला हवा आहे.

सिडकोवाला · शुक्रवार, रात्री ९.३१

राउटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. माझ्याकडे दहापैकी नऊ वेळा तेवढ्यावर भागतं.

जेलरोडची_लेक · शुक्रवार, रात्री ९.३८

केलं दादा, दोनदा. एकदा लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

अंबड_शिफ्ट · शुक्रवार, रात्री ९.५०

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, रोज हेच काम. नवीन बॉक्स (राउटर) वायफाय ६ चा, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचा असेल तर जुन्या वायफाय कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) त्याचं नावच दिसत नाही. ही नेहमीची तक्रार आहे. शेजाऱ्यांचे बॉक्स जुने, म्हणून ते दिसतात. लॅपटॉप हॉटस्पॉटवर घ्या, कार्डाचा नवा ड्रायव्हर उतरवा, रिस्टार्ट करा. नाहीच झालं तर सेटिंगमधून 'नेटवर्क रिसेट'.

कॉलेजरोड_काकू · शुक्रवार, रात्री १०.०५

पासवर्ड पुन्हा एकदा बघा गं. आमच्या ह्यांच्या लॅपटॉपवर पासवर्ड दहा वेळा टाकला, दहाही वेळा चूक. ठिपके दिसतात, आत काय पडतंय ते दिसत नाही. शेवटी मुलाने ठिपक्यांशेजारचा डोळा दाबला तर काय, 'के'च्या जागी २, 'एल'च्या जागी ३! नम लॉक चालू होता. छोट्या लॅपटॉपवर तीच अक्षरं आकडे होतात.

रिपेअर_टेबल · शुक्रवार, रात्री १०.२०

काकू, मुद्दा खरा आहे, माझ्याकडे महिन्यात दोन-तीन लॅपटॉप त्याच कारणाने येतात. पण ताईंच्या घरी गाडी पासवर्डपर्यंत पोचतच नाही. नावच दिसत नाहीये.

माझं एमजी रोडला दुरुस्तीचं टेबल आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी एकच विचारतो, नेमकं कुठे अडलं? नाव दिसतं का? दिसत असेल तर पासवर्ड घेतो का? घेतला तर राउटरकडून पत्ता (आयपी) मिळतो का? पत्ता मिळाला तर साइट उघडते का? चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचं दुखणं वेगळं. लोक पहिल्या पायरीवर अडलेले असतात आणि औषध चौथ्या पायरीचं घेतात.

नेटवर्क रिसेट आत्ता करू नका. जपून ठेवलेले सगळे पासवर्ड जातील आणि हॉटस्पॉटही नव्याने जोडावा लागेल. आणि बॉक्सच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालायला कोणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. फायबरच्या बॉक्समध्ये कंपनीने भरलेलं युजरनेम आणि सेटिंग असतं. ते पुसलं की फोन आणि टीव्हीही बंद, आणि माणूस येईपर्यंत घर बिननेटचं.

सिडकोवाला · शुक्रवार, रात्री १०.२६

पिनेचं खरंय. मी केलंय. तीन दिवस मुलीचा ऑनलाइन क्लास बुडाला.

जुना_वाडा · शुक्रवार, रात्री १०.४०

आमचा वाडा रविवार कारंज्याच्या मागे. काळ्या दगडाचं जोतं, दीड हात जाडीच्या भिंती. बॉक्स ओसरीत आणि मी माजघरात, मध्ये एकच भिंत. बॉक्स दोन पट्ट्यांवर (बँडवर) वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तरी ५ चं माजघरात येत नाही, २.४ चं येतं. जास्त फ्रीक्वेन्सीची लहर भिंतीत लवकर मरते. तुमचा बॉक्स कुठे आहे? लोखंडी कपाटाच्या मागे नाही ना? आमच्याकडे सुताराने तो हौसेने कपाटातच बसवला होता, पत्र्याच्या दाराआड.

जेलरोडची_लेक · शनिवार, सकाळी ८.१०

बॉक्स हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. बाबा लॅपटॉप घेऊन समोरच्याच सोफ्यावर बसतात, मध्ये फक्त टीपॉय. भिंतीचा प्रश्न नाही.

अंबड दादा, ड्रायव्हर काल रात्री उतरवला. नवा मिळालाच नाही, आहे तोच शेवटचा म्हणतोय.

देवळाली_कॅम्प · शनिवार, सकाळी ८.४५

नाशिकरोड म्हणजे आमच्या शेजारी. ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनल (पट्ट्यातले छोटे भाग) रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. राउटरला रडार ऐकू आलं तर त्याला तो चॅनल सोडावा लागतो, आणि सुरू होतानाही आधी मिनिटभर कान देऊन मगच बोलायचं असतं. इकडे तोफखान्याचं केंद्र, तिकडे ओझरचा विमानतळ. तसलं काही असेल का?

अंबड_शिफ्ट · शनिवार, सकाळी ९.०२

तसं असतं तर फोनही तुटले असते. फोन महिनाभर व्यवस्थित आहेत. आधी लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ येतं का ते बघू. ताई, काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून बाबांना एक ओळ टाइप करायला सांगा: नेटश, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स. चार शब्द, इंग्रजीत, मध्ये एकेक जागा. जी यादी येईल तिच्यात ८०२.११ (वायफायच्या प्रकारांचा आकडा) च्या पुढे कोणती अक्षरं आहेत ते कळवा. ए किंवा एसी असेल तर ५ गिगाहर्ट्झ आहे.

द्राक्षबाग · शनिवार, सकाळी ९.३०

मी दिंडोरीकडचा. थोडं विषयांतर आहे, पण सांगतो, कारण आम्ही यात आठवडा घालवला. ऑक्टोबर छाटणी झाली की निर्यातीच्या बागांची नोंदणी असते, ती ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी साइटवर जाते. आमचा लॅपटॉप वायफायला लागलेला दिसायचा, सिग्नल पूर्ण, पण एकही साइट उघडायची नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच. दोष राउटरला दिला, टॉवरला दिला, ढगाळ हवेलासुद्धा दिला. शेवटी पुतण्याचं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. तारीख कित्येक वर्षं मागची! आतला बटण सेल संपला होता, त्यामुळे लॅपटॉपची मुख्य बॅटरी उतरली की तारीख मागे जायची. आणि तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट खोटं ठरतं, ब्राउझर दार उघडत नाही. सीआर २०३२ चा सेल बदलला, काम झालं.

ताई, तुमच्याकडे तो प्रकार नाही हे कळतंय. पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

रिपेअर_टेबल · शनिवार, सकाळी ९.४१

हे चौथ्या पायरीचं दुखणं. छान लिहिलंत दादा.

कॉलेजरोड_काकू · शनिवार, सकाळी ११.१५

तिसऱ्या पायरीचं माझ्याकडून घ्या मग. गेल्या वर्षी गणपतीत घरी तीसेक माणसं. जो येईल तो आधी पासवर्ड विचारणार, मग आरती. दुसऱ्या दिवशी माझा लॅपटॉप 'नो इंटरनेट' दाखवायला लागला. भाचा आला, त्याने आयपीकॉन्फिग असं काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, मामी, तुझा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच बनवला. बघितलं तर आमच्या राउटरला वीसच पत्ते वाटायची मुभा ठेवलेली आणि ते सगळे पाहुण्यांच्या फोनकडे गेलेले, चोवीस तासांसाठी! पाहुणे निघून गेले तरी पत्ते त्यांच्याच नावावर. भाच्याने वीसाचे शंभर केले.

पंचवटीकर · शनिवार, सकाळी ११.४०

काकू, तो १६९.२५४ म्हणजे आपला गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पुराच्या वेळी आपण कुठे मीटर लावून बघतो? कोणीतरी गंगेवर जाऊन येतं आणि सांगतं, दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, आणि सराफ बाजारातला दुकानदार तेवढ्यावर माल वरच्या फळीवर चढवतो. एका खुणेवरून सगळ्या गावाला कळतं पाणी कुठवर आलंय. तसंच हे. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घरातलं घरात ठीक आहे, पुढे बघा. १६९.२५४ दिसला तर राउटरपर्यंतच गाडी नीट पोचलेली नाही. मी माझ्या आईलासुद्धा एवढं शिकवलंय, ती फोनवर आधी आकडा वाचून दाखवते.

गंगापूररोड_२२ · शनिवार, दुपारी १२.१०

आमच्याकडे सध्या सगळ्यांचंच बंद आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खोदलाय, त्यात केबल तुटली. बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लागला की समजायचं, घरात काही शोधू नका, बाहेर तुटलंय. २०२७ पर्यंत असंच चालणार बहुतेक.

जेलरोडची_लेक · शनिवार, दुपारी ४.३०

बाबांनी काळ्या खिडकीत टाइप केलं. एकेक अक्षर वाचून दाखवत, वीस मिनिटं लागली, पण झालं. यादीत बी, जी, एन एवढंच आहे. ए नाही, एसी नाही.

अंबड_शिफ्ट · शनिवार, दुपारी ४.४२

मग हे कार्ड फक्त २.४ चं. बॉक्स दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल. राउटरच्या पानावर जाऊन दोन्हीला वेगळी नावं द्या. बाबांच्या फोनवरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, आकडे इंग्रजीत. युजरनेम-पासवर्ड बॉक्सखालच्या स्टिकरवर असतो.

जेलरोडची_लेक · शनिवार, रात्री ८.५५

व्हिडिओ कॉलवर केलं. आईने बॉक्स उचलून उलटा धरला, बाबांनी भिंगातून स्टिकर वाचला. २.४ ला नवं नाव दिलं, शेवटी 'बाबा' जोडून. दोघांच्या फोनवर 'बाबा' नाव लगेच आलं. लॅपटॉपवर नाही. शेजाऱ्यांची सहा नावं आली, आमचं नाही.

खरं सांगू, बाबा कॉल संपल्यावर म्हणाले, "राहू दे आता, तुझा शनिवार गेला." मला फार लागलं ते.

सिडकोवाला · शनिवार, रात्री ९.०३

ताई, सोडू नका. होईल.

अंबड_शिफ्ट · शनिवार, रात्री ९.१५

२.४ वर आहे, समोर आहे, फोनला दिसतंय, लॅपटॉपला नाही. मी परत माझ्या वायफाय ६ वर येतो. २.४ वर वायफाय ६ चा मोड बंद करून फक्त बी-जी-एन ठेवून बघा.

रिपेअर_टेबल · शनिवार, रात्री ९.४०

अंबड दादा, तुमचा तर्क चांगला आहे, पण एक गोष्ट त्यात बसत नाही. ड्रायव्हरचा दोष असेल तर नाव कधीच दिसणार नाही. इथे ते कधी दिसतं, कधी नाही. लॅपटॉप तोच, ड्रायव्हर तोच, बॉक्स तोच. म्हणजे मध्ये काहीतरी बदलतंय.

ताई, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये बाबांचं एक वाक्य लिहिलंय आणि आम्ही सगळे त्यावरून पुढे गेलो. लाइट जाऊन आली की कधी कधी लागतो. बाबांना विचारा, कधी लागला आणि कधी नाही, काही आठवतं का? आणि बॉक्स इन्व्हर्टरवर आहे का?

जेलरोडची_लेक · रविवार, सकाळी १०.०५

बाबांकडे वही आहे! मला माहीतच नव्हतं. चौकटीची वही, दुधाचा हिशोब लिहितात ती, तिच्या मागच्या पानांवर. प्रेसमध्ये कागदाच्या प्रत्येक तुकड्याची नोंद लागायची, ती सवय हातातून गेलेली नाही. आईने फोटो पाठवला, तसंच उतरवते:

ता. ३ – लाइट गेली ४.१०, आली ४.३५. लॅपटॉप लागला.
ता. ४ – दिवसभर लागला.
ता. ५ – लाइट गेली रात्रौ ८.०५, आली ८.१२. लॅपटॉप लागत नाही.
ता. ६ – नाही.
ता. ७ – नाही. दुपारी मी बॉक्सचे बटण बंद-चालू केले. नाही.
ता. ८ – लाइट गेली ११.२०, आली १.४०. लागला.
ता. ११ – लाइट दोनदा गेली. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा नाही.

अशी चार पानं आहेत. बॉक्स इन्व्हर्टरवर नाही. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूबलाइट एवढंच.

रिपेअर_टेबल · रविवार, सकाळी १०.३०

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. अशी नोंद माझ्याकडे आजवर एकाही गिऱ्हाइकाने आणलेली नाही.

नीट बघा. लाइट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो. बंद पडून नव्याने सुरू होतो तो फक्त बॉक्स. एकदा लागला की पुढची लाइट जाईपर्यंत लागलेलाच राहतो. एकदा अडला की दोन-दोन दिवस अडलेलाच. अधेमधे बदल नाही. म्हणजे बॉक्स सुरू होताना स्वतःशी काहीतरी ठरवतो आणि ते लॅपटॉपला कधी मानवतं, कधी नाही. सुरू होताना बॉक्स ठरवतो ती मुख्य गोष्ट म्हणजे चॅनल. सेटिंग 'ऑटो' असेल तर तो आजूबाजूला ऐकतो आणि मोकळा वाटेल तो चॅनल घेतो.

आता एक प्रश्न. लॅपटॉप इथलाच आहे की बाहेरून आणलेला?

जेलरोडची_लेक · रविवार, सकाळी १०.३४

अमेरिकेतून. भाऊ आला तेव्हा त्याने स्वतःचा बाबांना दिला.

रिपेअर_टेबल · रविवार, सकाळी १०.५०

मग बहुतेक सापडलं.

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल वापरता येतात. पहिला २४१२ मेगाहर्ट्झवर, तिथून पाच-पाचच्या अंतराने तेरावा २४७२ वर. अमेरिकेत वापरात ११ च. तिकडच्या बाजारासाठी बनलेली बरीच कार्डं १२ आणि १३ वर ऐकतच नाहीत, पडद्यावर तसं नाव येणार कुठून? तुमचा बॉक्स इथला. जेलरोडला एकाला एक लागून घरं, १ ते ११ भरलेलं असणार. बॉक्सला कधी १३ मोकळा वाटतो, तो तिकडे जातो, आणि लॅपटॉपच्या दृष्टीने घरातलं वायफाय नाहीसं होतं. जुना बॉक्स नेहमी ११ च्या आतच असणार, म्हणून आधी काही झालं नाही. फोनचा हॉटस्पॉटही ११ च्या आतलाच असेल.

बाबांच्या फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि घरच्या नावापुढे कितवा चॅनल आहे तेवढं बघा. अजून काही बदलू नका.

अंबड_शिफ्ट · रविवार, सकाळी ११.०५

मान्य. कंपनीत सगळे लॅपटॉप इथलेच, त्यामुळे हे माझ्यासमोर कधी आलंच नाही. माझा अंदाज मागे घेतो.

द्राक्षबाग · रविवार, सकाळी ११.२०

मी दर दोन मिनिटांनी पान रिफ्रेश करतोय. बागेत फवारणी थांबवून.

जेलरोडची_लेक · रविवार, सकाळी ११.४८

१३!!

सिडकोवाला · रविवार, सकाळी ११.४९

वा!

पंचवटीकर · रविवार, सकाळी ११.५०

रिपेअर दादांना माझ्यातर्फे मिसळ. तर्री, पापड, दही, सगळं.

रिपेअर_टेबल · रविवार, सकाळी ११.५८

मिसळ घेईन. ताई, राउटरच्या पानावर २.४ मध्ये जा, चॅनल 'ऑटो' आहे तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, मधला ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची गडबड आपल्या अंगावर येते. अ‍ॅपमध्ये ज्याच्यावर गर्दी कमी दिसेल तो घ्या. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. सेव्ह करा. मग बॉक्स मुद्दाम चार-पाच वेळा बंद-चालू करा आणि दर वेळी लॅपटॉप बघा. एकदा लागला म्हणून खूश होऊ नका, कधी कधी तर तो आधीही लागत होता.

कॉलेजरोड_काकू · रविवार, दुपारी १२.०५

आणि प्रत्येक वेळचं वहीत लिहा म्हणावं.

जेलरोडची_लेक · रविवार, संध्याकाळी ६.१५

६ वर ठेवला. बाबांनी बॉक्स पाच वेळा बंद-चालू केला, पाचही वेळा लागला. संध्याकाळी खरोखरची लाइट गेली वीस मिनिटं. आई म्हणाली, बाबा अंधारात लॅपटॉपसमोर बसून होते, लाइट येईपर्यंत उठले नाहीत. आली, बॉक्सचे दिवे लागले, आणि नाव आलं. मग मला फोन न करता थेट नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिने विचारलं, "आजोबा, एवढे जवळ का बसलात?" ते म्हणाले, "तुझे पुढचे दोन दात बघतोय, आले का."

मी तीन आठवडे त्यांना सांगत होते की लाइटचा आणि वायफायचा काही संबंध नसतो. त्यांनी वाद घातला नाही, गुपचूप लिहीत राहिले. सगळ्यांचे मनापासून आभार, रिपेअर दादांचे जास्त.

जुना_वाडा · रविवार, रात्री ८.३०

आमच्या भाडेकरूकडेही दुबईहून आलेला एक जुना लॅपटॉप आहे, असाच लहरी. उद्या चॅनल बघतो.

रिपेअर_टेबल · रविवार, रात्री ९.१०

बघा, पण दुबईकडे १३ चॅनल चालतात, त्यामुळे कारण दुसरं निघेल. आधी नाव दिसतं का तेवढं बघा, मग इथे लिहा.

ताई, कंपनीने कधी बॉक्स बदलला किंवा दुरून अपडेट केला तर सेटिंग पुन्हा 'ऑटो' होऊ शकतं. तेव्हा घाबरू नका, हीच गोष्ट पुन्हा करा. आणि कायमचा उपाय हवा असेल तर इथल्या बाजारातलं यूएसबीचं छोटं वायफाय घ्या, दोन्ही बँडचं. लॅपटॉप तोच राहील, कान तेवढे नवे.

आबा_जेलरोड · सोमवार, सकाळी ७.२०

सर्वांस नमस्कार. मुलीने खाते काढून दिले. हे लॅपटॉपवरून लिहीत आहे, अक्षर मोठे आहे, त्रास नाही. रिपेअरवाल्यांनी माझी वही वाचली याचे बरे वाटले.

एक शंका. लॅपटॉप लागतो, पण परवापासून प्रिंटर चालत नाही. संघाचे इतिवृत्त छापायचे आहे. नवा धागा काढावा काय?

रिपेअर_टेबल · सोमवार, सकाळी ७.४५

काका, इथेच विचारा. परवा २.४ चं नाव बदललंत ना, प्रिंटर अजून जुनंच नाव शोधतोय. तोही २.४ चाच असणार. राउटरच्या पानावर २.४ ला पूर्वीचं नाव आणि पूर्वीचा पासवर्ड जसाच्या तसा द्या, 'बाबा' काढून टाका, आणि वेगळं नाव ५ ला ठेवा. चॅनल ६ ला हात लावू नका. प्रिंटर आपोआप लागेल. लॅपटॉप एकदा नव्याने जोडावा लागेल.

आबा_जेलरोड · सोमवार, सकाळी ८.३०

केले. ८.१० ला नाव बदलले. ८.१४ प्रिंटर लागला. ८.१७ लॅपटॉप लागला. इतिवृत्ताच्या १२ प्रती काढल्या.